पहिली टाकावी

पेडव्यांची, त्या बारक्या मासळीची, डोकी मोडता मोडता अक्का ते बोलून गेली. बोलली आणि पुढचा पेडवा उचलला. भार्गवी मागल्या दारच्या पायरीवर बसून सोमवारी कोल्हापूरला न्यायच्या फायलीत कागद लावत होती. खास असा विषयही निघाला नव्हता. सुशांतला, त्यांच्या भावाला, मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं, त्यावरून बोलणं चाललं होतं, आणि मोजण्यावरून अक्काला लघवी साठवायचा तो पांढरा डबा आठवला. "माका त्या डब्याचीच धास्ती होती," ती म्हणाली. "रातभर धरून ठेवलंय आणि सकाळी उठल्याबरोबर पयलीच टाकलंय त्यात. तूच लिवलेलंस मां, पयली टाकावी म्हणान. बरोच भरलो डबो पयल्याच फेरीक." भार्गवी हसली, कारण अक्का हसत होती. मग तिच्या हातातला कागद फायलीच्या तारेत दोनदा चुकला. अक्काने मांजराला पेडव्याचं डोकं टाकलं आणि विचारलं, दुपारी जेवून जातलंस मां. भार्गवी नको म्हणाली. घरी लेकीची, रियाची, बारावी आहे, नवऱ्याला, मंगेशला, शाळेत शिकवून यायला उशीर होतो, असलं काहीतरी सांगितलं. बारावी त्या क्षणी फार उपयोगी पडली. गेले चार महिने ती भार्गवीच्या फारच उपयोगी पडत होती.

देवबागहून मालवणला यायच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, तरी वारा लागेना. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये एवढीशी वाळूची पट्टी; पाहुण्यांना याचं केवढं कौतुक, पण आज तिला दोन्हीकडून पाणी आत येतंय असं वाटत राहिलं. चोवीस तासांच्या तपासणीत सकाळची पहिली लघवी घ्यायची नसते. ती रात्रीची असते, आदल्या दिवसाची असते. ती मोरीत गेली, घड्याळ बघितलं, की तिथून पुढचे चोवीस तास मोजायचे. अक्काने रात्रीची आठ तासांचीही आत घातली होती. म्हणजे डब्यात बत्तीस तासांचं साठलं आणि प्रयोगशाळेने ते चोवीसने भागलं. रक्तातला कचरा मूत्रपिंडं मिनिटाला किती साफ करतात, त्याचा आकडा, ज्याला डॉक्टर क्लिअरन्स म्हणतात, तो तेवढाच फुगून आला. अक्काचा आला होता एकशे अठरा. भार्गवीचा शहाण्णव. सुशांतला मूत्रपिंड कोणी द्यायचं ते ठरवायला कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दोघी बहिणींचे कागद मागवताना सरळ सांगितलं होतं, रक्तगट दोघींचा जुळतो, तेव्हा जिचा क्लिअरन्स जास्त तिच्या पुढच्या तपासण्या आधी करू, तिचं सगळं ठीक निघालं तर दुसरीला त्रास नको. एकशे अठराला बत्तीसने भागून चोवीसने गुणायला भार्गवीला कागद लागला नाही. कंडक्टर तिकिटाला येईपर्यंत झालं होतं. अठ्ठ्याऐंशी.

डब्यासोबत द्यायची ती चिठ्ठी भार्गवीनेच लिहिली होती. नऊ वर्षांपूर्वी मालवणच्या पॅथॉलॉजीत लागली तेव्हा, एका रिकाम्या दुपारी, छान प्रमाण मराठीत: सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकावी, त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये धरावी. तिला ते वाक्य आवडलंही होतं. 'टाकावी' म्हणजे टाकून द्यावी, त्यात काय कळायचं? पण अक्का दहा वर्षं सुशांतच्या होमस्टेच्या चुलीपुढे उभी होती, आणि पुण्याची पाहुणेमंडळी येऊन तिला सांगत होती, काकू चहात साखर कमी टाका, काकू वर थोडी कोथिंबीर टाका. आपल्याकडे घालतात, शिकली सवरलेली माणसं टाकतात. अक्काने शिकल्या सवरल्यांचं मराठी वाचलं आणि तसंच केलं. एरवी नमुने घेणारी रॉविना प्रत्येकाला तोंडी सांगायची. तिच्या घरातल्या कोकणीत ती म्हणायची, पयली उडय, म्हणजे फेकून दे, आणि हाताने उडवून दाखवायची. म्हातारेकोतारेसुद्धा कधी चुकले नाहीत. अक्का डबा न्यायला आली त्या दिवशी रॉविना मावसभावाच्या लग्नाला गोव्याला गेली होती. अक्काला डबा भार्गवीने दिला. चिठ्ठी भार्गवीने दिली. आणि तोंडी? तोंडी तिने विचारलं होतं, सुशांत काल जेवला का नीट.

एसटीतून उतरल्यावर ती घरी गेली नाही, उगाच जेटीच्या बाजूला चालत राहिली. एकशे अठराचा आकडा आला त्या दिवसाची आठवण नको नको म्हणताना येत होती. सुशांत खाटेवरून म्हणाला होता, अक्का, तू तर फर्स्ट क्लास. अक्का लाजली. चोपन्न वर्षांची बाई लाजली आणि पदर सारखा करत शेजारच्या लूर्डसबाईला सांगायला गेली. लूर्डसबाईने तिच्या नावाने मेणबत्ती लावली. आणि भार्गवीने काय केलं, तर येताना बाजारातून सुरमई घेतली. मंगेशने विचारलं, आज सुरमई कशी? ती म्हणाली, सहज. त्या रात्री ती कधी नव्हे ती गाढ झोपली. तिला भीती वाटत होती, हे खरं. कापून घेण्याची भीती, भूल दिल्यावर परत न येण्याची, पुढे एकाच मूत्रपिंडावर जन्म काढताना दर वेळी पोटात दुखलं की दचकण्याची. त्यात थोरवी काहीच नव्हती. सुशांतवर जीव होता, आणि तरी भीती होती, आणि एकशे अठराने तिला हळूच दाराबाहेर नेऊन सोडलं होतं. आज अठ्ठ्याऐंशीने परत हाताला धरून आत आणलं.

पुण्याला एम.एस्सी. करताना तिने वर्षभर हेच केलं होतं, म्हणजे माणसांची लघवी गोळा केली होती. हॉस्टेलच्या मुली नाक धरायच्या आणि तिला 'डबेवाली' म्हणायच्या. तिचा विषय मात्र मोठा देखणा होता, निदान तिला तसा वाटायचा. एखादं हार्मोन पेशीच्या दारावर येऊन थाप मारतं. स्वतः आत जात नाही. आत निरोप नेतो तो सायक्लिक एएमपी नावाचा इवलासा रेणू, किंवा त्याचा भाऊ सायक्लिक जीएमपी. निरोप पोचला की तो पुसला जायला हवा, नाहीतर पेशी तेच ते करत बसेल. त्यातला थोडा बाहेर रक्तात उतरतो, आणि मूत्रपिंड रक्त गाळताना त्यालाही काढून टाकतं. मिनिटाला किती प्लाझ्मा त्याच्यापासून मोकळा होतो, ते मोजायचं. गंमत पुढेच होती. लघवीतला जीएमपी जवळजवळ सगळा रक्तातून गाळून आलेला निघायचा. एएमपीचा हिशोब जुळायचाच नाही. गाळून यायला हवा त्यापेक्षा लघवीत जास्त सापडायचा. भार्गवीने तीन वेळा सगळं पुन्हा केलं, रडकुंडीला आली, तेव्हा तिच्या गाइड बाई चष्मा पुसत म्हणाल्या, अगं, चुकलं नाहीये तुझं. बाहेर पडलं ते सगळं रक्तातूनच आलं असं धरून चालू नकोस. काही भाग गाळणाऱ्याने स्वतःचा घातलेला असतो. ते वाक्य तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. जेटीवर उभं राहून होड्यांकडे बघताना तिला वाटलं, आपण आत्ता गप्प बसलो त्यात आईकडून आलेलं किती? आई भित्री होती, इंजेक्शनला सुद्धा डोळे मिटायची. रक्तातून काय आलं असेल ते आलं असेल. पण सगळं तेवढंच नव्हे.

रविवारी पॅथॉलॉजी बंद असते. चावी तिच्याकडे होती. मंगेशला तिने सांगितलं, एक रिपोर्ट राहिलाय, आणि ते खोटं नव्हतं म्हणून तिला बरं वाटलं. आत कुबट गारवा होता. रजिस्टर काढलं, तारीख काढली. अक्काची ओळ: यशोदा, वय चोपन्न, वजन पन्नास किलो. चोवीस तासांतलं क्रिएटिनिन, स्नायूंतून रोज ठरावीक निघणारा तो कचरा, अकराशे त्र्याऐंशी मिलिग्रॅम. उभ्या उभ्याच तिच्या लक्षात आलं की पन्नास किलोच्या वाळक्या बाईच्या अंगात एवढं तयारच होत नाही. आठशे, फार तर नऊशे. डबा नीट भरला की नाही ते ओळखायची ही साधी खूण आहे. ती नव्या मुलींना हेच शिकवते. आणि मग तिला आकड्याच्या डाव्या अंगाला शिसपेन्सिलीचं टिंब दिसलं. बारीक, भाताच्या शितापेक्षाही लहान. जो आकडा पटत नाही त्याच्याशेजारी टिंब द्यायचं आणि सही करायच्या आधी रुग्णाला पुन्हा विचारायचं, ही पद्धत या प्रयोगशाळेत एकाच माणसाची होती. टिंबाच्या खाली निळ्या शाईत तिची सही होती.

ती स्टुलावर बसली. आठवायचा प्रयत्न केला. टिंब दिलं तेव्हा आपल्या मनात काय होतं? पंख्याची करकर आठवली. कोणीतरी साखर तपासायला आलेलं आठवलं, त्याच्या हातातली ओली छत्री आठवली. टिंब आठवेना. म्हणजे बघितलं होतं. बघून हात थांबला होता. आणि मग हाताने पुढे सही केली होती, आणि डोक्याने टिंब आणि सही यांच्या मध्ये जे झालं ते पुसून टाकलं होतं. बाईंनी शिकवलेली आणखी एक गोष्ट तिला तिथे नको असताना आठवली, की रक्तातून नाहीशा होणाऱ्या सायक्लिक एएमपीपैकी मूत्रपिंडाच्या वाट्याला फार थोडा येतो, सहावा-सातवा हिस्सा. बाकीचा शरीर परस्पर कुठेतरी मोडून टाकतं, लघवीत त्याचा पत्ताच लागत नाही. तिने खोडरबर घेतलं आणि टिंब पुसलं. पुसलं गेलं. बोट फिरवलं तर कागदाला खळगी लागत होती. तिने रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बोट फिरवलं. मग तिला स्वतःची इतकी किळस आली की नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, एखादा नमुना सांडल्यासारखे.

अक्का सासरहून परत आली तेव्हा भार्गवी बारा वर्षांची होती. अक्काला दिलं होतं कसालला, हमरस्त्यावरच्या बाजारात दुकान असलेल्या घरात. दीड वर्षाने एका दुपारी तीच पेटी घेऊन ती परत आली, आणि आई शेजारणीला म्हणाली, घोवान टाकल्यान, नवऱ्याने टाकली. त्या वयात भार्गवीला वाटलं होतं की टाकली म्हणजे कुठूनतरी खाली टाकली, आणि तिने अक्काच्या हातापायांवर खरचटल्याच्या खुणा शोधल्या होत्या. खुणा नव्हत्या. मग वर्षं गेली आणि अक्का घरात विरघळली. आई गेली तेव्हा अक्का होती, भार्गवीच्या बाळंतपणाला अक्का होती, सुशांतने होमस्टे काढला तेव्हा चूल अक्काची. सुशांतच्या बायकोचा, सावित्रीचा, रक्तगट जुळत नाही म्हटल्यावर घरात सगळ्यांच्या माना न बोलता कुणाकडे वळल्या, ते भार्गवीने बघितलं होतं. तिची स्वतःचीही वळली होती. हिला ना मूल ना बाळ, असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती.

सोमवारी पहाटे लूर्डसबाईच्या नवऱ्याची, डॉमिंगोची, गाडी आली. पुढे सुशांत, मान कलती करून झोपलेला, चेहरा मातकट. मागे दोघी बहिणी आणि मध्ये फाइल. अक्काने जरीची साडी नेसली होती. हॉस्पिटलात जरीची कशाला, असं भार्गवीच्या ओठांवर आलं आणि राहिलं. कसालला डॉमिंगो चाकात हवा भरायला थांबला. एरवी मुंबईच्या गाडीला जाताना, कुणाच्या लग्नाला जाताना, कसाल आलं की अक्का पदरात काहीतरी शोधायला लागायची, ते मागे पडेपर्यंत शोधायची. आज ती काच खाली करून सरळ बघत होती. सासरच्या त्या दुकानाची फळी नुकती उघडत होती. तिथे आता कोण बसतं कोण जाणे. अक्का मात्र बघत होती, मान ताठ ठेवून, परीक्षेत पास झालेल्या मुलीसारखी. आणि ते बघून ठरवलेलं नसताना भार्गवी बोलून गेली. सुशांत ऐकू नये म्हणून अगदी हळू.

"अक्का, तुझो रिपोर्ट चुकलो. पयली उडवची होती. तू डब्यात घातलंस, म्हणान आकडो वाढलो."

अक्काने काच वर केली. "किती वाढलो?"

"तीसभर."

"मगे तुझ्यापेक्षा कमी."

"होय."

बाहेर हवेचा पंप धडधडत होता. मग तिने बहिणीकडे न बघता सांगितलं, "गप रव. कोणाक सांगू नको. चोपन वर्सांत एकदा खंयतरी पयली इलंय मी. ह्याच कसालातसून माका टाकलेली म्हणान पाठयली. आता माझा कायतरी कोणाक तरी व्हया आसा, आणि ता चांगला आसा म्हणतत. ता पण काढून घेतंस?"

डॉमिंगो येऊन बसला, गाडी सुटली. भार्गवीला वाटलं होतं की सांगितल्यावर मोकळं वाटेल. उलट आता दार आतून बंद झालं. आता गप्प बसणं म्हणजे अक्काचा शब्द पाळणं होतं. आता गप्प बसण्याला भित्रेपणा म्हणायची गरज उरली नव्हती, त्याला माया म्हणता येत होतं. दोघींनाही एकच गोष्ट हवी होती. पुढे स्कॅन आहेच, मशीन काय ते सांगेल, आपण कोण? आणि अठ्ठ्याऐंशी काही वाईट नव्हे, त्या वयाला चांगलाच. हे सगळं खरं होतं. एकूण एक वाक्य खरं होतं, आणि तिच्या हाताच्या बोटांना अजून ती कागदातली खळगी लागत होती. तिने बोटं साडीला पुसली. कणकवली गेली. नदीवरचं धुकं गेलं. सुशांत झोपेतच खोकला आणि अक्का पुढे वाकून त्याच्या गळ्याशी मफलर सारखा करून मागे टेकली. त्या वाकण्यात काही विचार नव्हता. चाळीस वर्षं ती अशीच वाकत आली होती, आणि भार्गवी चाळीस वर्षं बाजूला बसून बघत आली होती. अक्काला द्यायचं होतं, हे खरंच. ते तिच्या रक्तात होतं. पण त्यात आपण स्वतःचं किती घातलं, हे या गाडीत एकाच बाईला ठाऊक होतं. आणि ती गाळणारी होती. सही तिची होती.

फोंडाघाटला घाट चढायच्या आधी सगळे चहाला उतरले. सुशांतला अर्धा कप परवानगी होती, तो तेवढाच पुरवून पुरवून पीत होता. अक्का मागे मोरीकडे गेली. भार्गवीने गाडीच्या बॉनेटवर फाइल उघडली, अक्काचा रिपोर्ट काढला आणि अकराशे त्र्याऐंशीच्या डाव्या अंगाला पेनाने टिंब दिलं. या वेळी शाईचं, ठळक. खाली लिहिलं: नमुना सुमारे बत्तीस तासांचा. सूचना देण्यात चूक माझी. पुन्हा करावे. सही केली, तारीख घातली. बॉनेटवर सही वेडीवाकडी आली, पण तिचीच होती. अक्का पदराला हात पुसत आली, तिने फाइल उघडी बघितली, कागद बघितला. तिला दूरचं वाचायला चष्मा लागत नाही. ती सरळ गाडीत जाऊन बसली. घाटभर तिने भार्गवीकडे पाठ केली होती. वळणावळणाला तिचा खांदा भार्गवीच्या खांद्याला लागत होता आणि दर वेळी ती तो काढून घेत होती.

हॉस्पिटलात दहाला नंबर लागला. सुशांतला चाकाच्या खुर्चीतून रक्त द्यायला नेलं. दोघी बाकावर बसल्या, मध्ये फाइलीएवढी जागा सोडून. भार्गवीला इथून उठून पळून जावंसं वाटत होतं, अगदी खरोखर. रस्त्यावर जावं, मिळेल ती एसटी धरावी. काऊंटरवरच्या सिस्टरने कागद चाळले, टिंबापाशी थांबली, खालचं लिहिलेलं वाचलं आणि मान वर केली. म्हणाली, हा रिपोर्ट तर गेला. मग आधी कोणाला घेऊ? तुमच्यात पहिली कोण?

"मी," भार्गवी म्हणाली. सिस्टरला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली.

सिस्टरने कागदावर वय बघितलं, दोघींचे चेहरे बघितले आणि गोंधळून अक्काकडे वळली. अक्का उठली. जरीचा पदर खांद्यावर नीट घेतला. ऑफिसात बोलायचं तसलं मराठी ती फार जपून बोलते, प्रत्येक शब्द पायाने चाचपून टाकल्यासारखा.

"पहिली मीच आहे," ती म्हणाली. "पण आज हिला आधी घ्या."

मग तिने खाली वाकून भार्गवीच्या मांडीवरची पर्स स्वतःकडे घेतली, कारण आत पर्स न्यायची नसते, हे तिने येतानाच पाटीवर वाचून ठेवलं होतं.